खाडीपलीकडचा रेफरी

गोराईच्या खाडीपलीकडे मुंबई संपत नाही, पण हे तिथल्या माणसांना सांगायला जाऊ नये. बोरिवलीच्या बाजूने बोटीत बसलं की दहा-पंधरा मिनिटांत माणूस गावात पोचतो, आणि गावची माणसं उलट दिशेने बोटीत बसली की आजही ‘मुंबईला चाललो’ म्हणतात. मतदान मुंबईत, पत्ता मुंबईचा, तरी भात कापून झालं की शेतात फुटबॉल सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत दर रविवारी चालतो. त्याला खाडीपार लीग म्हणतात. संघ आठ: सहा ख्रिस्ती पाखाड्यांचे, म्हणजे वस्त्यांचे, एक कोळीवाड्याचा आणि एक डोंगरावरच्या पाड्याचा. गोलाचे खांब सुरूच्या लाकडाचे, आणि मागची जाळी कोळीवाड्यातल्या जुन्या होडीवरची. ती जाळी इतकी सैल की बॉल आत गेला तर त्याला सोडवायला दोन माणसं लागतात.

या लीगमध्ये शिवदास खिल्लारे यांनी तेहतीस मोसम शिट्टी फुंकली. ते गावचे नाहीत, हीच त्यांची पात्रता.

लीग सुरू झाली अठ्ठ्याहत्तर साली. पहिली तेरा वर्षं रेफरी गावातलेच असायचे, आणि तिथेच सगळी वाट लागायची. कारण गावात प्रत्येकजण प्रत्येकाचा कोण ना कोण. कुणी मामा, कुणी साडू, कुणाला बाप्तिस्म्याच्या वेळी मांडीवर घेतलेलं. एक्क्याण्णवच्या फायनलमध्ये रेफरीने एक गोल दिला आणि अर्ध्या तासाने लोकांच्या लक्षात आलं की गोल मारणारा त्याच्या होणाऱ्या जावयाचा सख्खा भाऊ आहे. झालं. मैदानात गोलाचा खांब उपटून मारामारी झाली, आणि लीग बंद पडते की काय अशी पाळी आली.

तेव्हा लीगचा सेक्रेटरी बस्त्याव विक्रोळीच्या एका कारखान्यात लेथवर होता. त्याच्या शेजारच्या मशीनवर शिवदास. शिवदास कारखान्याच्या टीममधून हाफबॅक खेळायचे. पायात फार कौशल्य नव्हतं, पण नियमांचं पुस्तक तोंडपाठ. जेवणाच्या सुट्टीत कुणी ऑफसाइडवरून वाद घातला की हे ताटातल्या वाटाण्यांनी खेळाडू मांडून दाखवायचे आणि समोरच्याची भाजी थंड करायचे. बस्त्यावने त्यांना विचारलं, “तुझं गोराईत कोण हाय?”

“कोणी नाही. माझं मूळ गाव बुलढाण्याकडे.”

“बायकोचं?”

“तिचंही नाही.”

“मग रविवारी ये.”

पुढच्या मोसमापासून नियम लिहून ठेवला गेला: रेफरी खाडीपलीकडचा असावा, गावात त्याचं नातं नसावं, आणि नातं जुळलं तर त्या दिवसापासून शिट्टी खाली. याला शिवदासांनी स्वतःचं एक कलम जोडलं. मॅचच्या दिवशी रेफरी गावात कुणाच्याही घरी जेवणार नाही, पाणीसुद्धा पिणार नाही. विक्रोळीहून निघताना शकु, म्हणजे त्यांची बायको, डबा आणि दोन बाटल्या पाणी बांधून द्यायची. दोन मॅचच्या मधल्या वेळात ते सुरूच्या झाडाखाली एकटेच बसून जेवायचे. गावातल्या बायकांना हे फार लागायचं. दारातून माणूस उपाशी जातो म्हणजे काय. एकदा बस्त्यावने चिडून विचारलं तेव्हा शिवदास हसून म्हणाले, “माझ्या बापाला त्याच्या गावात कोणी पाणी देत नव्हतं. इथे देतात, तर मी घेत नाही. एवढी चैन मला करू दे ना रे.” बस्त्यावने त्यानंतर पाण्याचा विषय परत काढला नाही.

लीगचं वेळापत्रक बनवणं हा एक सोहळा असायचा. बस्त्यावच्या पडवीत एका बाजूला चर्चचं कॅलेंडर, दुसऱ्या बाजूला पंचांग. ईस्टरआधीच्या उपासकाळातले शेवटचे रविवार बाद. कोळीवाड्याच्या मॅच फक्त भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, कारण तेव्हा समुद्राला ओढ नसते आणि होड्या घरी असतात. उधाणात मॅच लावली तर कोळीवाड्याकडून पाच माणसं येणार आणि त्यातली दोन झोपेत. शिवदासांना पंचशील येत होतं, पंचांग येत नव्हतं. पण चार-पाच वर्षांत ते विक्रोळीत दूधवाल्याशी बोलतानासुद्धा ‘परवा सप्तमी ना, मग भांग’ असं म्हणायला लागले आणि शकुने कपाळाला हात लावला.

त्यांच्या निर्णयावर आरडाओरडा होत नसे असं नाही. फुटबॉल आहे, आरती नव्हे. पण मॅच संपली की ‘खिल्लारेने दिलं ना, मग ठीक आहे’ असं म्हणून माणसं घरी जायची. एकदा पाड्याच्या संघाकडे बूट नव्हते तेव्हा त्यांनी दोन्ही संघांना बूट काढायला लावले. एकदा स्वतःच चुकले, तेव्हा मॅच थांबवून मोठ्याने ‘चूक माझी’ म्हणाले आणि थ्रो-इन उलटी दिली. या माणसाला या नावापलीकडे आयुष्यात फारसं काही मिळालं नाही. कारखान्यात बढती दोनदा हुकली, विक्रोळीतली खोली एकच राहिली. पण रविवारी बोटीतून उतरताना त्यांची मान ताठ असायची, आणि ती तशी असण्यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं.

आता पुढे जे झालं त्याला ते स्वतःच जबाबदार आहेत. तीन वर्षांपूर्वी एका पोराचा गुडघा फुटला आणि पट्टी बांधायला कोणी नव्हतं, तेव्हा त्यांनीच मीटिंगमध्ये आग्रह धरला की मैदानात प्रथमोपचाराला माणूस हवा. आणि त्यांनीच नाव सुचवलं. त्यांची मुलगी प्रियंका बोरिवलीच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स होती. ती फुकट यायला एका पायावर तयार झाली तेव्हा बापाला तिच्या समाजसेवेचं फार कौतुक वाटलं.

गेल्या वर्षी मे महिन्यात, फायनलच्या आधीच्या गुरुवारी, प्रियंका त्यांच्यासमोर येऊन बसली.

“पप्पा, मला नितेशशी लग्न करायचंय.”

“कोण नितेश?”

“तुम्ही ज्याला दोनदा यलो कार्ड दाखवलंय तो.”

नितेश म्हणजे कोळीवाड्याचा गोलकीपर. कांदिवलीला लिफ्ट दुरुस्त करायची नोकरी, सुट्टीच्या दिवशी बापाच्या होडीवर. पोरगा चांगला होता, हे शिवदासांना माहीत होतं. राग आला की बॉल लांब भिरकावून द्यायचा, तेवढी एक खोड. जातपात त्यांच्या मनात आली नाही असं नाही, पण प्रियंकाने सांगितलं की नितेशच्या आईने सगळं ऐकून घेतलंय आणि तिला फक्त सुनेला मासे साफ करता येतात का एवढंच विचारायचंय. शकु तर आधीपासूनच सामील होती. राहता राहिला एक प्रश्न, आणि तो त्या दोघींपैकी कुणालाच सुचला नव्हता. रविवारची फायनल मोठी पाखाडी विरुद्ध कोळीवाडा अशी होती.

नियमाप्रमाणे त्यांनी त्याच रात्री बस्त्यावला फोन करायला हवा होता. त्यांनी केला नाही. स्वतःची समजूत घातली की अजून बोलणी झालेली नाहीत, सोयरीक जुळली कुठे आहे. तीन दिवसांत दुसरा रेफरी कुठून मिळणार. पुढच्या रविवारी उधाण. सगळी कारणं खरी होती. पण सर्वांत खरं कारण असं की त्यांना शिट्टी सोडवत नव्हती. एकसष्टाव्या वर्षी, कारखान्यातून निवृत्त होऊन वर्ष झालेल्या माणसाकडे दुसरं काय होतं? ते रविवारी बोटीत बसले.

कोळीवाडा याआधी तीनदा फायनलला पोचला होता आणि तिन्ही वेळा हरला होता. सेहेचाळीस वर्षांत एकदाही कप त्यांच्याकडे गेला नव्हता. त्या दिवशी अख्खा कोळीवाडा मैदानाच्या कडेला उभा होता, म्हाताऱ्या बायका प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन आल्या होत्या. मॅच शून्य-शून्य चालली होती. शिवदास धावत होते, पण त्यांचे डोळे खेळावर कमी आणि स्वतःवर जास्त होते. कोळीवाड्याला फ्री किक दिली की वाटायचं, जावई म्हणून दिली का? नाही दिली की वाटायचं, जावई म्हणून नाही दिली का? तेहतीस वर्षांत असा विचार त्यांच्या डोक्यात कधी शिरला नव्हता.

संपायला चार मिनिटं असताना मोठ्या पाखाडीचा एक पोरगा एकटाच बॉल घेऊन आत घुसला. नितेश पुढे आला, खाली झेपावला, आणि बॉल दोन्ही हातांनी काढून घेतला. पोरगा त्याच्या अंगावरून उडून पडला. आधी बॉल, मग माणूस. शिवदास आठ हातांवर होते, त्यांना आरशासारखं स्वच्छ दिसलं. आणि त्यांच्या मनात एवढंच आलं की आता मी काही दिलं नाही तर उद्या सगळे म्हणतील, जावयाला वाचवला. विचार पुरा होण्याआधी शिट्टी वाजली. हात पेनल्टीच्या खुणेकडे गेला होता.

कोळीवाड्याचं कोणी अंगावर धावून आलं नाही. तेच विचित्र होतं. नितेशने त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग बॉल उचलला, नेहमीसारखा भिरकावला नाही, चालत जाऊन स्वतः पेनल्टीच्या खुणेवर ठेवला आणि गोलात जाऊन उभा राहिला. गोल झाला. एक-शून्य. खुर्च्या घेऊन आलेल्या म्हाताऱ्या बायका खुर्च्या घेऊन परत गेल्या.

त्या रात्री शिवदास जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मंगळवारी शकुने ताट समोर आपटलं आणि म्हणाली, “काय झालंय ते बोला, नाहीतर मी दवाखान्यात नेते.”

त्यांनी सांगितलं. ती पेनल्टी नव्हती हे सांगितलं, आणि आपल्याला ते दिसत होतं हेही.

शकुने ताट बाजूला सरकवलं. “म्हणजे जावयाची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये म्हणून तुम्ही त्याला हरवलंत.”

“हो.”

“मग घेतलीत ना बाजू. स्वतःची घेतलीत.”

शकु सातवीपर्यंत शिकलेली बाई. नियमांचं पुस्तक तिने कधी हातात धरलं नाही, पण नेमकं कुठे लागतं ते तिला कळायचं. मग ती थोडी मऊ झाली आणि म्हणाली, “जाऊन सांगून या. पोरीचं लग्न व्हायचं तर होईल, नाही तर नाही. असं तोंड घेऊन मांडवात नका उभे राहू.”

मोसम संपला की जूनच्या आधी बस्त्यावच्या पडवीत लीगची मीटिंग भरते. आठही संघांचे कॅप्टन येतात. त्या दिवशी शिवदास घरून दोन वाक्यं पाठ करून आले होते, आणि बोलायला उभे राहिल्यावर दोन्ही विसरले. शेवटी जसं आलं तसं बोलले.

“फायनलची पेनल्टी पेनल्टी नव्हती. नितेशने आधी बॉल घेतला होता. मला दिसत होतं. आणि माझी मुलगी नितेशशी लग्न करणार आहे, हे मला फायनलच्या आधी गुरुवारीच कळलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. नियम मोडला, आणि वर खोटी शिट्टी फुंकली. कोळीवाड्याचा कप माझ्यामुळे गेला.”

त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. शिवदासांना वाटलं, आता कोणीतरी शिवी देईल. द्यावी, असंही वाटलं.

बस्त्यावने चष्मा काढून पुसला. आता तो पंच्याहत्तरचा झाला होता. “शिवा, पोरीचं आमाला नाताळापासून ठावं हाय.”

“कोणाला?”

“सगळ्यांना. गाव हाय हे. दोघं जेटीवर बसून आइसक्रीम खातात, ते बोटीतल्या सगळ्यांना दिसतं. तुला नाय दिसलं, कारण तू कपडे बदलून थेट ग्राउंडवर.”

मोठ्या पाखाडीचा कॅप्टन इनास कोपऱ्यात बसला होता. ज्याचा संघ त्या पेनल्टीवर जिंकला, तो हाच. तो म्हणाला, “फायनलच्या आधी नितेशची आई आमच्या पाखाडीत आली होती, काका. म्हणाली, रेफरी आमचे व्याही होणार. तुम्हाला चालत नसेल तर आत्ताच बोला, आम्ही दुसरा माणूस शोधू. आम्ही बारा जण बसलो, पाच मिनिटं पण नाही लागली.”

“मग?”

“मग काय. खिल्लारे काका आहेत, असू दे म्हटलं. त्यांच्यावर डाउट नाय. एका माणसाने पण नाय घेतला.”

शिवदास उभेच होते. जावयाची बाजू घेतली असती तर ज्यांचं नुकसान होणार होतं, त्या संघातल्या बारा माणसांनी त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला होता. आणि अख्ख्या मैदानात त्यांच्यावर संशय घेणारा माणूस एकच होता, तो शिट्टी घेऊन मधोमध धावत होता. त्यांना रडू आलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून त्यांनी ते लपवलंही नाही.

इनास उठला आणि म्हणाला की कप कोळीवाड्याला देऊन टाकू. यावर शिवदासांनी डोळे पुसले आणि त्यांचा आवाज एकदम मैदानातला झाला. “नाही. रेफरीची शिट्टी वाजली की निकाल लागला. आज हा बदललात तर उद्या अठ्ठ्याहत्तर सालापासूनचे सगळे बदलायला लोक येतील.” कोळीवाड्याच्या कॅप्टनने मान डोलावली. म्हणाला, नितेशही हेच म्हणत होता, त्याला कप नको, पोरगी हवी. तेव्हा पडवीत पहिल्यांदा हशा पिकला.

नियमाप्रमाणे शिट्टी मात्र टेबलावरच राहिली. ती परत घ्या असं कोणी म्हणालं नाही, आणि त्यांनीही मागितली नाही. आत बस्त्यावच्या बायकोने हातभाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण केलं होतं. तेहतीस वर्षांची थकबाकी वसूल करायची असल्यासारखी ती वाढत राहिली, आणि शिवदास नको न म्हणता जेवत राहिले.

डिसेंबरात विक्रोळीच्या बुद्धविहारात लग्न लागलं. खाडीपलीकडून दोन बोटी भरून माणसं आली, पुढे बस करून. आठही संघांनी मिळून नवरा-नवरीला फ्रिज दिला. नितेशच्या आईने सुनेकडून मासे साफ करून घेण्याचा नाद पहिल्याच आठवड्यात सोडला, असं म्हणतात.

यंदा जरा उशिरा, जानेवारीत नवा मोसम सुरू झाला. नवी रेफरी दिशा नावाची कांदिवलीची मुलगी आहे, सव्वीस वर्षांची, कॉलेजात खेळ शिकवते. तिला शिवदासांनीच शोधून आणलं आणि शिकवलं, गावात तिचं कोणी नाही याची तीनदा खात्री करून. पहिल्या रविवारी सप्तमी होती आणि मॅच होती कोळीवाडा विरुद्ध छोटी पाखाडी. शिवदास शकुला घेऊन गेले. कुठे उभं राहायचं हे त्यांना कळेना. इतकी वर्षं मैदान त्यांनी फक्त आतून पाहिलं होतं. शेवटी प्रियंकाने हाताला धरून त्यांना कोळीवाड्याच्या बाजूला नेलं, आणि एका म्हाताऱ्या बाईने न विचारता आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

पहिला अर्धा तास ते हातांची घडी घालून, तोंड मिटून बसले. मधेच शकुच्या कानात सांगायचे, मुलगी जागा बरोबर घेते, घाई करत नाही. मग कोळीवाड्याच्या पोराने बॉल जाळीत मारला. सगळी बाजू उभी राहिली. दिशाने शिट्टी फुंकून हात वर केला. ऑफसाइड. गोल नाही.

शिवदास खुर्चीतून उठले. मैदानाच्या रेषेपर्यंत गेले, आणि ज्या आवाजात त्यांनी तेहतीस वर्षं फक्त निर्णय दिले होते त्या आवाजात ओरडले, “ए रेफरी, डोळे घरी ठेवून आलीस काय गं?”

दिशाने वळून बघितलं. आपल्याला ज्याने शिकवलं तोच माणूस आहे हे पाहून ती गोंधळली. कोळीवाड्याच्या बाजूचे सगळे त्यांच्या मागून ओरडायला लागले. शकु पदर तोंडाला लावून हसत होती. तिने त्यांचा शर्ट मागून ओढला आणि विचारलं, “अहो, खरंच ऑफसाइड नव्हता?”

“होता, चांगला दोन पावलं,” शिवदास म्हणाले, आणि परत ओरडायला वळले.